वेशीच्या आत, वेशीच्या बाहेर

सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्याकडे निघालेला व्यापारी अनेकदा बऱ्हाणपूरवरून जात असे. झाँ-बाप्तिस्त ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्याही त्या वाटेने गेला. १६७६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने बऱ्हाणपूरच्या तलम कापडाबरोबरच हिंदुस्थानातल्या रस्त्यांबद्दलही बारकाईने लिहिले आहे. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य, तांदूळ, मीठ पाठीवर घेऊन चालत. असा तांडा अरुंद वाटेवर समोर आला, की प्रवाशाला तो संपेपर्यंत बाजूला थांबावे लागे, कधी कधी दोन-तीन दिवस. धान्याचा तांडा आणि तांदळाचा तांडा समोरासमोर आले, तर वाट आधी कोणी द्यायची यावरून रक्त सांडे. हे असेच चालले तर व्यापार बुडेल आणि लोकांच्या तोंडचे अन्न अडेल, हे ओळखून बादशहाने दोन्ही तांड्यांच्या नायकांना बोलावून घेतले, त्यांची समजूत काढली आणि प्रत्येकाला एक लाख रुपये व मोत्यांची माळ देऊन परत पाठवले, असे ताव्हेर्निए सांगतो.

त्याच पुस्तकात मालगाड्यांचेही वर्णन आहे. एकेका गाडीला दहा-बारा बैल जुंपलेले असत आणि प्रत्येक गाडीबरोबर चार शिपाई चालत. गाडीवरून दोन दोर टाकलेले असत आणि त्यांची चार टोके या चौघांच्या हातांत. वाट खराब लागली आणि गाडी एका अंगाला कलली, की दुसऱ्या अंगाचे शिपाई दोर ताणून धरत. या शिपायांचा पगार मालाचा मालक देई. तांड्यांच्या भांडणापेक्षा ही दोरांची व्यवस्था आपल्या विषयाला, म्हणजे रस्त्यावरच्या जबाबदारीला, जास्त जवळची आहे. जो रस्त्यावर जड वस्तू आणतो, तिच्यामुळे होऊ शकणाऱ्या नुकसानीला आवर घालण्याचा खर्चही त्यानेच करायचा, हा हिशेब तिच्यात स्पष्ट दिसतो.

रस्त्यावरची सुरक्षितता ही वाहनचालक आणि पादचारी दोघांची जबाबदारी आहे, असे आपण शाळेपासून ऐकतो. ते खरेच आहे. मात्र दोघांची म्हटले की अर्धी-अर्धी, असे आपण मनाशी धरून चालतो, आणि तिथे हिशेब चुकतो. साठ किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरने चालतो आणि पंधरा टनांचा ट्रक ताशी साठने येतो. दोघांनी रस्त्यावर आणलेला धोका सारखा नाही, तेव्हा वाटाही सारखा असू शकत नाही. तो किती असावा हे वजन, वेग आणि जागा पाहून ठरवावे लागते. बऱ्हाणपूर या गोष्टीसाठी चांगले गाव आहे, कारण तिथे दोन अगदी वेगळ्या प्रकारचे रस्ते एकमेकांना खेटून आहेत.

पहिला रस्ता कोटाच्या आतला. फारुकी सुलतानांनी वसवलेले, मोगलांनी दख्खनचे ठाणे केलेले हे तापीकाठचे शहर. त्याच्याभोवतीचा विटांचा कोट अठराव्या शतकात निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या काळातला. शनवारा, इतवारा, शिकारपुरा, लोहारमंडी, सिंधीपुरा ही वेशींची नावे आजही बऱ्हाणपूरकराच्या तोंडी पत्ता सांगताना येतात. या वेशी आणि आतले रस्ते पायी चालणारे, घोडेस्वार, पालख्या आणि बैलगाड्या यांच्या मापाने आखलेले आहेत. मोटार येईल अशी कल्पनाही नसताना झालेली ही आखणी आज नकळत मोटारीला लगाम घालते. वेशीतून एका वेळी जेमतेम एक मोठे वाहन जाते, पुढे लगेच वळण लागते, वळणावर दुकान, दुकानापुढे हातगाडी. गांधी चौकाकडे किंवा मंडी बाजारात ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या वर जायचे म्हटले तरी जमत नाही.

या वेगाला माणसाचे डोळे पुरे पडतात. मोटारसायकलवाला चालणाऱ्याकडे पाहतो, चालणारा त्याच्याकडे पाहतो, एकाची मान किंचित हलते, दुसरा हँडल जरा वळवतो आणि दोघे एकमेकांना न लागता निघून जातात. नेदरलँड्समधला वाहतूक अभियंता हान्स मोंडरमन याने नेमक्या याच गोष्टीवर आपली पद्धत उभारली. द्राख्टन या गावातल्या एका गजबजलेल्या चौकातून त्याने सिग्नल काढून टाकले, पदपथ आणि रस्ता यांतला भेद पुसट केला आणि लोकांना एकमेकांकडे पाहून चालायला भाग पाडले. पाट्या आणि दिवे कमी झाले की माणूस आपोआप सावध होतो, हे त्याचे म्हणणे. जगभरचे नगररचनाकार ते पाहायला गेले. आपल्याकडच्या जुन्या पेठांमध्ये हे शतकानुशतके चालत आले आहे.

पण मोंडरमनच्या पद्धतीला लवकरच एक अडचण आली, आणि ती बऱ्हाणपूरलाही लागू आहे. नजरेने होणारी ही देवाणघेवाण ज्याला दिसते त्याच्यासाठी आहे. अंध माणसाला समोरच्याची मान हललेली कळत नाही. इंग्लंडमध्ये अंधांच्या संघटनांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि २०१८ साली तिथल्या सरकारने पदपथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणणाऱ्या अशा नव्या योजना थांबवायला सांगितले. सहा-सात वर्षांच्या मुलाला गाडी दिसते, पण ती किती वेगाने येते आहे याचा अंदाज त्याला करता येत नाही. हे हट्टामुळे किंवा धांदरटपणामुळे होत नाही. त्या वयात ती क्षमता पुरती तयारच झालेली नसते. सत्तरीच्या बाईला दिसते, कळतेही, पण पाय वेळेवर उचलत नाहीत. आणि ई-रिक्षा आल्यापासून आणखी एक गोष्ट झाली आहे: मागून येणारे वाहन आवाजावरून ओळखण्याची जुनी सवय आता भरवशाची राहिलेली नाही. म्हणून वेशीच्या आत वेग कमी असला, तरी चालकाने हे धरूनच चालवायला हवे की समोरच्याने आपल्याला पाहिलेले नसेल.

तिथे पादचाऱ्याचा वाटाही मोठा आहे, इतर कुठल्याही रस्त्यापेक्षा मोठा. दोघांनाही थांबणे सोपे आहे, दोघांचा वेग फार वेगळा नाही. उभ्या रिक्षाच्या आडून एकदम पुढे न येणे, मोबाइल कानाला लावून चौक न ओलांडणे, मुलाला रस्त्याच्या बाजूला न चालवता आपल्या आतल्या बाजूला धरणे, हे करणे पादचाऱ्याच्या हातात आहे आणि त्याने ते करावे. दुकानदारालाही यातून मोकळे सोडता येत नाही. ओट्यापुढे मांडलेले फळकूट, लावलेली मोटारसायकल, टांगलेला माल यांनी पादचाऱ्याची कड संपते आणि तो गाड्यांच्या वाटेत ढकलला जातो. मग त्याला धक्का लागला की वाद फक्त चालक आणि चालणारा यांच्यात होतो. ज्याने कड अडवली तो गल्ल्यावर बसून पाहत असतो.

आता वेगाचा हिशेब मांडू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही सुमारे एक सेकंद लागतो. ताशी तीस किलोमीटरने जाणारी मोटार तेवढ्या वेळात आठ मीटरांहून थोडे जास्त पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर आणखी पाचेक मीटरांत थांबते. म्हणजे एकूण तेरा मीटरांच्या आसपास. ताशी पन्नासची मोटार त्या पहिल्या एका सेकंदातच जवळजवळ चौदा मीटर जाते. तेव्हा मुलगा तेरा मीटरांवर अचानक समोर आला, तर तीसची गाडी त्याच्यापाशी येऊन थांबते. पन्नासची गाडी ब्रेक लागायच्या आधीच, पूर्ण वेगाने, त्याच्यावर आदळते. दोन्ही चालक तितकेच सावध आणि दोन्ही मुले तितकीच बेसावध असली तरीही.

यातही धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला की आघात चौपट. जागतिक आरोग्य संघटनेच्या मांडणीनुसार सरासरी वेगात एक टक्का वाढ झाली की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. त्या वर्षीच्या मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अतिवेगाच्या खात्यात नोंदलेले आहेत. पोलिसांच्या पंचनाम्यातले हे खाते ढोबळ असते, रस्त्याचा दोष त्यात अनेकदा चालकाच्या नावावर जमा होतो, हे मान्य केले तरी वेग हा पहिला आरोपी राहतोच. बऱ्हाणपूर ज्यात येते तो मध्य प्रदेश त्या वर्षी अपघातांच्या संख्येत तामिळनाडूखालोखाल दुसरा होता.

चूक पादचाऱ्याची असेल तर काय, हा प्रश्न कायद्याला फार जुना आहे. इंग्लंडमध्ये १८४२ साली एक गाढव त्याचे उत्तर देऊन गेले. मालकाने गाढवाचे पुढचे दोन पाय बांधून ते सार्वजनिक रस्त्यावर चरायला सोडले होते. एक घोडागाडी उतारावरून भरधाव आली आणि गाढव चिरडले गेले. गाडीवाल्याचे म्हणणे असे, की पाय बांधून जनावर रस्त्यावर सोडणे हीच मुळात चूक. न्यायाधीशांनी ते ऐकून घेतले आणि तरी भरपाई गाडीवाल्याकडून वसूल केली. गाढव तिथे असायला नको होते असे धरले, तरी गाडीवाल्याने सावकाश, जपून यायला हवे होते. नाहीतर वाटेत पडून राहिलेल्या माणसावरून गाडी नेण्याचे, किंवा चुकीच्या बाजूने येणाऱ्या गाडीवर मुद्दाम आदळण्याचेही समर्थन करता येईल, असा त्यांच्या निकालाचा आशय. ‘डेव्हिस विरुद्ध मॅन’ हा खटला आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात.

अमेरिकेत मात्र मोटारी वाढू लागल्यावर हवा उलटी फिरली. १९२३ साली सिनसिनाटी शहरात हजारो नागरिकांनी सह्या करून मागणी केली, की ताशी पंचवीस मैलांच्या वर जाता येणार नाही असे यंत्र प्रत्येक मोटारीत बसवा. मोटार विक्रेते आणि मोटार क्लब एकवटले आणि मतदानात ती मागणी पडली. १९२५ साली लॉस एंजेलिसने नियम केला, की पादचाऱ्याने ठरावीक जागीच रस्ता ओलांडायचा, नाहीतर दंड. तोवर रस्ता सगळ्यांचा होता आणि मोटारवाला त्यात नवखा होता. त्यानंतर पादचारी नवखा झाला. आज ‘मध्येच आला’ हे वाक्य आपल्या तोंडी इतक्या सहज येते, ते या बदलाचेच फळ आहे, असे मला वाटते.

आपल्याकडचा कायदा या दोन टोकांच्या मध्ये चालतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे मृताचा किंवा जखमीचा स्वतःचा निष्काळजीपणा सिद्ध झाला, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. मुंबई महानगरपालिकेच्या बसखाली सायकलवरचा एक तरुण सापडला, त्या खटल्यात २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने सायकलस्वाराकडे चौथा हिस्सा दोष ठेवला आणि उरलेला बसच्या बाजूला. चूक दोघांची, पण वाटा एकास तीन. याशिवाय मोटार वाहन कायद्याच्या १६४व्या कलमाखाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात आणि तिथे चूक कोणाची हे सिद्ध करावेच लागत नाही. यामागचा विचार सरळ आहे. जो धोकादायक यंत्र रस्त्यावर आणतो, त्याने त्याच्या विम्याची सोय आधीच करून ठेवायची. ताव्हेर्निएच्या गाडीवरचे दोर आता असे कागदावर आले आहेत.

नेदरलँड्स याहून पुढे गेले. १९७०च्या दशकात तिथे मुलांचे अपघात इतके वाढले होते, की आईबापांनी ‘बालहत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी केली आणि रस्ते अडवले. आज तिथल्या वाहतूक कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला मोटारीने धडक दिली, तर मुलाने किती का चूक केलेली असेना, जवळजवळ नेहमीच भरपाई पूर्ण मोटारवाल्याकडून. प्रौढ पादचारी किंवा सायकलस्वार असेल, तर चूक त्याची असली तरी निम्मी भरपाई निदान बहुतेक वेळा मिळतेच. इंग्लंडच्या महामार्ग संहितेतही जानेवारी २०२२पासून रस्ता वापरणाऱ्यांची उतरंड आली. जो सर्वांत जास्त इजा करू शकतो त्याची जबाबदारी सर्वांत जास्त: ट्रक, मग मोटार, मग दुचाकी, सायकल, आणि शेवटी पादचारी. पादचाऱ्यालाही स्वतःच्या आणि इतरांच्या सुरक्षिततेची काळजी घ्यायला तिथे सांगितलेले आहे. फक्त त्याचे नाव यादीच्या तळाशी आहे.

दुसऱ्या रस्त्यासाठी आता वेशीबाहेर पडू. बऱ्हाणपूरहून उत्तरेला असीरगडाच्या पायथ्यावरून खंडवा-इंदूरकडे आणि दक्षिणेला शाहपूर, इच्छापूर करत महाराष्ट्रात मुक्ताईनगरकडे जाणारा इंदूर-इच्छापूर मार्ग. पश्चिमेला रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा असा खानदेशातून जाणारा अंकलेश्वरचा रस्ता. सीमा ओलांडली तरी भाषा फारशी बदलत नाही. शाहपूर-इच्छापूरकडच्या घरांत मराठी बोलली जाते आणि सोयरिकी रावेर-मुक्ताईनगरात असतात. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. केळी कापून झाली की घड भरलेले ट्रक वेळेशी झुंजत उत्तरेकडे निघतात, कारण माल नासला तर भाव पडतो. ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे एकही लाल दिवा नाही. आणि याच रस्त्याच्या कडेने शेतमजूर, यंत्रमागाच्या पाळीला जाणारे कारागीर, शाळेची मुले चालत किंवा सायकलवर.

इथे नजरेची देवाणघेवाण संपते. ताशी ऐंशीने येणारा चालक सेकंदाला बावीस मीटर मागे टाकतो. रात्री प्रतिक्रियेला एकाऐवजी दीड सेकंद धरला, तर मोटारीला थांबायला जवळजवळ सत्तर मीटर लागतात आणि भरलेल्या ट्रकला त्याहून बरेच जास्त. डिपरवर ठेवलेल्या हेडलाइटच्या उजेडात गडद कपड्यांतला माणूस अनेकदा तीस-चाळीस मीटरांवर आल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पादचाऱ्याला मात्र हेडलाइट दूरवरून दिसतात आणि त्याला वाटते, मला गाडी दिसली म्हणजे गाडीलाही मी दिसलो. रात्रीच्या दृश्यतेवर झालेल्या प्रयोगांमध्ये हा गैरसमज पुन्हा पुन्हा आढळला आहे. समोरून येणाऱ्या वाहनाने अप्पर तसाच ठेवला असेल, तर चालकाच्या डोळ्यांपुढे काही क्षण निव्वळ पांढरा पडदा असतो. त्या पडद्याआड सायकलवाला असू शकतो.

म्हणून महामार्गावर पादचाऱ्याने करायच्या गोष्टी मोजक्या, पण प्राणाच्या मोलाच्या आहेत. पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालायचे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने जातात, त्यामुळे डाव्या कडेने चालणाऱ्याच्या पाठीमागून गाड्या येतात आणि त्याला बाजूला उडी मारण्याचीही संधी मिळत नाही. अंधारात पांढरा सदरा बरा, पण त्याहून पुष्कळ चांगली ती प्रकाश परतवणारी पट्टी. ती शंभर मीटरांपलीकडूनही चमकते आणि किमतीने अगदी स्वस्त असते. सायकलच्या मागच्या चाकावर, ट्रॉलीच्या फाळक्यावर, दप्तरावर ती लावता येते.

या भागात पायी चालण्याचे मोठे प्रसंग आहेत. चैत्रात आणि अश्विनात इच्छापूरच्या इच्छादेवीला बऱ्हाणपूरकडून आणि महाराष्ट्राकडून लोक पायी जातात. माघात संत मुक्ताबाईंच्या यात्रेला खानदेश, विदर्भ आणि मध्य प्रदेशातून दिंड्या मुक्ताईनगरला येतात. दिंडी हा आपल्या समाजाचा सर्वांत शिस्तीचा चालण्याचा प्रकार आहे. पताका, विणेकरी, टाळकरी, तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया, प्रत्येकाची जागा ठरलेली. तरी ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी संध्याकाळी सोलापूर जिल्ह्यात सांगोला तालुक्यातल्या जुनोनीजवळ कोल्हापूरकडून पंढरपूरला निघालेल्या दिंडीत मागून मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. दिवेलागणीची ती वेळ सर्वांत घातक असते. आकाशात उजेड असतो म्हणून चालक दिवे लावायला उशीर करतो आणि रस्त्यावर मात्र अंधार उतरलेला असतो. मोटारवाल्याचा वाटा इथे कोणत्याही हिशेबाने मोठा आहे. पण माझ्या मनात एक विनंती दिंडी चालवणाऱ्या विणेकऱ्यांना आणि फडकऱ्यांनाही आहे: शेवटच्या वारकऱ्याच्या मागे शंभर पावलांवर लाल दिवा घेतलेला एक माणूस चालू द्या आणि सूर्य कलला की मुक्काम करा. ताव्हेर्निएच्या गाडीबरोबर चार माणसे नुसती सांभाळायला चालत होती.

इतका वेळ आपण चालक आणि पादचारी यांच्यात वाटे करत आलो. तिसरा भागीदार कधी दिसत नाही, कारण अपघाताच्या वेळी तो तिथे नसतो. तो म्हणजे रस्ता आखणारा, बांधणारा आणि राखणारा. इंदूर-इच्छापूर मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग आहे आणि त्याच्या चौपदरीकरणाची कामे टप्प्याटप्प्याने चालली आहेत. रुंद, गुळगुळीत रस्ता झाला की वाहतूक वेगाने जाते, हे बांधणाऱ्याला माहीत असते. सात मीटरांचा रस्ता सेकंदाला ऐंशी सेंटिमीटर चालणाऱ्या म्हातारीला ओलांडायला जवळजवळ नऊ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ऐंशीची गाडी सुमारे दोनशे मीटर येते. म्हणजे तिला सुखरूप पलीकडे जायचे असेल, तर दोन्ही बाजूंना दोनशे मीटर मोकळा, दिसणारा रस्ता हवा. गावाजवळ वळण असेल, चढ असेल, कडेला केळीची बाग रस्त्यापर्यंत आलेली असेल, तर तो मिळत नाही. अशा ठिकाणी तिला ‘जपून ओलांडा’ असे सांगण्यात काही अर्थ नाही. तिथे वेग कमी करणारा उंच झेब्रा पट्टा हवा, मध्ये थांबायला दुभाजकात सुरक्षित जागा हवी, किंवा खालून बोगदा हवा.

हे सगळे ठरलेले आहे, लिहिलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांवरच्या मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे आयआरसी १०३मध्ये, पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर आणि त्याची रस्त्यापासूनची उंची १५० मिलिमीटरपर्यंत सांगितली आहे. बहुतेक गावांत पदपथ असलाच तर गुडघ्याएवढा उंच असतो. म्हातारे माणूस त्यावर चढत नाही, खालून रस्त्याच्या कडेने चालते, आणि आपण म्हणतो की लोकांना शिस्त नाही. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८अ हे कलम आले. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका जिवासमोर ही रक्कम लहान आहे, पण तिसऱ्या भागीदाराचे नाव कायद्यात आले, हे मोठे आहे. अपघातानंतर पंचनाम्यात रस्त्याचा दोष लिहून घ्या, असा आग्रह गावकऱ्यांनी आणि वकिलांनी धरायला हवा. नाहीतर ते कलम कागदावरच राहील.

अपघात झाल्यावर जमणाऱ्या गर्दीचाही यात वाटा आहे. जखमीला दवाखान्यात नेणे हे चालकावर कायद्याने बंधनकारक आहे. मात्र जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर सूट, असे कायदा स्वतःच म्हणतो. मारहाणीच्या भीतीने चालक पळतो आणि जखमी पडून राहतो. जमावाने ट्रक पेटवण्याऐवजी १०८ला फोन केला, तर पहिल्या तासातली अमूल्य मिनिटे वाचतात. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडवून ठेवू शकत नाही. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे संरक्षण दिले आणि पुढे ते मोटार वाहन कायद्याच्या १३४अ या कलमात आले.

कोइंबतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ साली दाखल केलेली जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात अजून चालू आहे. तुटलेली हाडे जोडत आयुष्य घालवलेल्या माणसाने ती तुटूच नयेत म्हणून न्यायालय गाठावे, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. त्याच प्रकरणात मे २०२५मध्ये न्यायालयाने वापरण्याजोगा, अडथळे नसलेला पदपथ हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यांना सहा महिन्यांची मुदत देऊन सांगितले, की मोटार वाहन कायद्याच्या १३८व्या कलमाच्या १अ पोटकलमाखाली पादचारी आणि बिगरयांत्रिक वाहनांसाठी नियम करा, आणि २१०ड कलमाखाली राष्ट्रीय महामार्ग सोडून इतर रस्त्यांच्या रचनेचे व देखभालीचे नियम करा.

पहिल्या कलमाचा उपयोग कसा होतो, याकडे लक्ष ठेवायला हवे. त्याच्या आधारे पादचाऱ्यावर दंड लादणे सगळ्यांत सोपे आहे, आणि १९२५ साली लॉस एंजेलिसने तेच केले. बऱ्हाणपूरसाठी त्या नियमांत, आणि राष्ट्रीय महामार्गापुरते केंद्राकडे करायच्या मागणीत, काय असावे, हे इथल्या रस्त्यांकडे पाहून सांगता येते. कोटाच्या आत सर्व वाहनांना ताशी वीसची मर्यादा आणि दुकानापुढची कड मोकळी ठेवण्याची जबाबदारी दुकानदारावर. इच्छापूर मार्गावर प्रत्येक गावाच्या हद्दीत, पाटीवर नव्हे तर रस्त्याच्या घडणीतूनच, वेग तीसवर आणणारे उंच झेब्रे. ऊस आणि केळी वाहणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल दिवा आणि चमकणारी पट्टी असल्याशिवाय कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या फाटकातून आत प्रवेश नाही. नवरात्रात आणि मुक्ताबाईंच्या यात्रेत संध्याकाळी सहा ते सकाळी सहा जड वाहनांसाठी वेगळा मार्ग, आणि तो यात्रेच्या आठ दिवस आधी जळगाव व बऱ्हाणपूर या दोन्ही जिल्ह्यांच्या पोलिसांनी मिळून जाहीर करायचा, कारण चालणाऱ्यांची रांग राज्याच्या सीमेवर थांबत नाही.